घरचं फ्लेव्हर्ड कॉफी क्रीमर: ते कॉफीत का फाटतं आणि टिकत का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाकडला राहता, सोसायटीत निम्मं पाणी टँकरचं येतं. कॉफीत दुधाऐवजी घालायच्या क्रीमरसाठी कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, तेवढंच पिशवीचं टोन्ड दूध आणि २ चमचे व्हॅनिला इसेन्स बाटलीत घालून हलवलं आणि फ्रिजच्या दारात ठेवलं. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी कॉफीत घातल्याबरोबर पांढरे कण तरंगायला लागले, पाचव्या दिवशी आंबट वास आला. शिवाय कॉफी गोडमिट्ट होते, पण दाट लागत नाही. इसेन्स बदलू का, फ्लेव्हर कोणते जमतील आणि ऑफिसला नेता येईल का, असंही विचारलं आहे.

इसेन्सचा यात काही दोष नाही. फाटणं, लवकर आंबणं आणि पातळ लागणं या तिन्ही तक्रारी बेसच्या आहेत, म्हणजे फ्लेव्हर घालण्याआधीच्या दुधाच्या मिश्रणाच्या. म्हणून आधी बेस नीट करू आणि फ्लेव्हरकडे नंतर वळू. बेस जमला की फ्लेव्हर घालणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

आधी पातळपणाचा हिशेब करू. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के असतं, कंडेन्स्ड मिल्कमध्ये ८-९ टक्के. दोन्ही ४००-४०० ग्रॅम घेतले की मिश्रणात फॅट जेमतेम ६ टक्के भरतं, म्हणजे साध्या फुल क्रीम दुधाएवढंच. साखर मात्र २० टक्क्यांच्या वर जाते, कारण कंडेन्स्ड मिल्कमध्ये साधारण ४०-४५ टक्के साखरच असते. कॉफीचा रंग उजळावा म्हणून तुम्ही ३० मिली घालता तेव्हा कपात जवळजवळ पावणेदोन चमचे साखर पडते आणि फॅट पडतं २ ग्रॅमच्या आसपास. म्हणून कॉफी गोड होते, दाट होत नाही. क्रीमरचं काम उलटं हवं. ३० मिलीत साधारण एक चमचा साखर आणि साडेतीन-चार ग्रॅम फॅट हवं. त्यासाठी बेसमध्ये फॅट १२ टक्क्यांच्या जवळ लागतं, आणि ते क्रीमशिवाय येत नाही.

आता टिकण्याबद्दल. कंडेन्स्ड मिल्क महिनोन्‌महिने टिकतं, मग त्याचं क्रीमर का टिकत नाही, हा गोंधळ खूप जणांचा होतो. मुरांबा ज्या कारणाने टिकतो त्याच कारणाने कंडेन्स्ड मिल्क टिकतं. त्यातल्या पाण्याच्या मानाने साखर इतकी जास्त असते की जंतूंना वापरता येईल असं पाणीच उरत नाही. साखर आणि पाणी एवढंच धरलं तर त्यात साखर ६० टक्क्यांच्या आसपास भरते. तुम्ही तेवढंच दूध ओतलंत की हे प्रमाण २७ टक्क्यांवर येतं. एवढ्या साखरेने जंतू थांबत नाहीत, उलट त्यांना खाऊ मिळतो. त्यानंतर मिश्रणाचं आयुष्य ठरतं ते त्यातल्या सगळ्यात नाजूक घटकावरून. तुमच्या बाटलीत तो घटक म्हणजे न तापवलेलं पिशवीचं दूध, ज्याच्या पिशवीवरच दोन-तीन दिवसांची मुदत छापलेली असते. त्यात बाटली दारात. फ्रिजचं दार ही सगळ्यात कमी गार जागा, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात दिवसातून वीस वेळा ते उघडतं.

फाटण्याचं कारण याच्याशीच जोडलेलं आहे. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ६.६-६.७ असतो आणि कॉफीचा ५ च्या आसपास, म्हणजे कॉफी चांगलीच आम्ल. दुधातलं केसीन हे प्रथिन आम्लात गोळा व्हायला लागतं आणि ४.६ ला पूर्ण साकळतं. उष्णता वाढली की हे लवकर घडतं आणि पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर आणखी लवकर. ताजं दूध कॉफीत तगून जातं, कारण त्याला अजून बरीच वाट खाली उतरायची असते. दोन दिवस जुन्या दुधात जंतूंनी थोडं आम्ल आधीच तयार केलेलं असतं. त्याचा वास येत नाही, चवही कळत नाही, पण ते काठावर येऊन उभं असतं आणि कढत कॉफी शेवटचा धक्का देते. म्हणून तुमचं क्रीमर पहिले दोन दिवस टिकलं आणि तिसऱ्या दिवशी फाटलं. इसेन्स तेच होतं, दूध म्हातारं झालं होतं.

पाण्याकडेही बघायला हवं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीतून पुण्याला येणारं किंवा पवनेतून पिंपरी-चिंचवडला येणारं धरणाचं पाणी मृदू असतं, त्याचा त्रास सहसा होत नाही. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर ते जड, म्हणजे कॅल्शियम जास्त असलेलं असतं. किटलीच्या बुडाला पांढरा खडबडीत थर बसत असेल तर पाणी जड आहे असं समजा. खात्री करायची तर एकाच क्रीमरचे दोन कप करा, एक नळाच्या पाण्याच्या कॉफीत, दुसरा आरओच्या. नळाचा कप फाटला आणि आरओचा नाही, तर क्रीमरला दोष देऊ नका, कॉफी आरओच्या पाण्यात करा. दोन्ही फाटले तर बेस जुना किंवा आंबट आहे.

आता बेस. ही मात्रा साधारण ६५० मिलीची, म्हणजे ३० मिलीच्या हिशेबाने वीस-एकवीस कप. तीन माणसांच्या घरात आठवड्याच्या आत संपते, त्यापेक्षा जास्त एका वेळी करू नये असं मी सांगेन.

फुल क्रीम दूध ३०० मिली. पिशवीवर फॅट ६ टक्के लिहिलेलं बघून घ्या, मग चितळे, कात्रज, गोकुळ, अमूल यांतलं कुठलंही चालेल. गाईचं दूध घेतलंत तर फॅट साडेतीन टक्क्यांच्या आसपास असेल, बेस थोडा पातळ होईल, बाकी बिघडत काही नाही. २५ टक्के फॅटचं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम २०० मिली. कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा डबा. उरलेलं पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. चिमूटभर मीठ. आणि खायचा सोडा, पाव चमच्याचा चौथा हिस्सा. सोड्याबद्दल पुढे सांगते.

क्रीमऐवजी घरची साय चालेल का, असं हमखास विचारलं जातं. विरजणासाठी चार-पाच दिवस साठवलेली साय अजिबात चालणार नाही, कारण ती आधीच आंबूस झालेली असते आणि कॉफीत पडताक्षणी फाटते. त्याच दिवशीची ताजी साय चालते, पण साय म्हणजे नुसतं फॅट नव्हे, त्यात तापून घट्ट झालेलं प्रथिनही असतं. ते कितीही घुसळलं तरी बारीक कण राहतात. साय वापरायचीच असेल तर गरम दुधात घालून ब्लेंडरने फिरवा आणि मलमलच्या कापडातून गाळा. फॅट किती येईल हे मात्र दर वेळी वेगळं. केकवर फासतात ते व्हिपिंग क्रीम टाळा. त्यातलं बरंचसं क्रीम वनस्पती तेलाचं आणि आधीच गोड केलेलं असतं, ते टाळूला मेणासारखं चिकटतं. डेअरीतलं सुट्टं क्रीम चांगलं असतं, पण ते दोन दिवसांच्या आत वापरायचं.

गोठ्याचं सुट्टं दूध घेत असाल तर ते आधी पूर्ण उकळून, गार करून, साय काढून मग मोजा. दूध कुठलंही असो, सुरुवातीला २ चमचे दूध छोट्या पातेलीत उकळून बघा. त्यात कण दिसले तर ते दूध क्रीमरच्या कामाचं नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात दूध आणि कंडेन्स्ड मिल्क एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. कंडेन्स्ड मिल्क जड असल्याने खाली बसतं आणि चटकन बुडाला लागतं. लागलेला वास नंतर कुठल्याही फ्लेव्हरने झाकला जात नाही. कडेला बारीक बुडबुडे आणि भरपूर वाफ दिसली की ८०-८५ अंश झाले. खळखळून उकळायचं नाही. आता सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून घाला, थोडा फेस येईल. मग क्रीम. क्रीम फ्रिजमधून काढून थेट घालू नका, वाटीत घेऊन त्यात दोन डाव गरम दूध मिसळा आणि मग ते पातेल्यात ओता. पुन्हा कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, मिनिटभर तसंच ठेवा आणि गॅस बंद करा. सगळे घटक एकदा ८० अंशांना जातात, हेच या कृतीचं मर्म आहे. तुमच्या पद्धतीत नेमकी हीच पायरी नव्हती.

क्रीम घातल्यावर दहा मिनिटं उकळत ठेवलंत तर फॅट सुटतं आणि कॉफीवर तुपाचा तवंग येतो. आटवून दाट करायचा मोह आवरा. आटवलं की बासुंदीसारखी चव येते, जी एरवी छानच, पण कॉफीला दाबून टाकते.

सोडा कशासाठी? तो बेसचा पीएच किंचित वर उचलतो, म्हणजे कॉफीच्या आम्लाला खाली ओढायला जास्त अंतर मिळतं. बाजारच्या क्रीमरमध्ये हेच काम पोटॅशियमचे फॉस्फेट क्षार करतात. पण मात्रा सांगितली तेवढीच ठेवा. सोडा जास्त झाला की बेस पिवळट-तपकिरी दिसतो आणि साबणासारखी चव येते. बेकिंग पावडर घालू नका, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं, म्हणजे हेतूच फसतो. आरओचं पाणी नसेल आणि जड पाण्याला पर्याय नसेल तर बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून खाण्याचं सोडियम सायट्रेट आणा. ६५० मिलीला १ ग्रॅम पुरतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. मग खायचा सोडा वगळला तरी चालतो.

गॅस बंद केल्यावर मिश्रण थोडं निवू द्या. पातेल्याला बाहेरून दोन-तीन सेकंद हात ठेववला की हँड ब्लेंडर अर्धा मिनिट फिरवा. त्याने फॅटचे थेंब बारीक होतात आणि वर मलईचा थर जमायला वेळ लागतो. मिक्सरच्या बंद भांड्यात कढत मिश्रण फिरवू नका, वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. आणि पूर्ण गार झाल्यावर तर ब्लेंडर लावूच नका. गार क्रीम घुसळलं की लोणी निघतं.

यानंतरची घाई महत्त्वाची आहे. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, दोनदा पाणी बदला, जमल्यास बर्फ घाला आणि अधूनमधून ढवळा. अर्ध्या तासात ते खोलीच्या तापमानाला यायला हवं. झाकून ओट्यावर रात्रभर ठेवलेलं क्रीमर सकाळी ठीक दिसलं, तरी त्याचे निम्मे दिवस तिथेच संपलेले असतात. गाळून काचेच्या, रुंद तोंडाच्या बाटलीत भरा. बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण कोरडी केलेली हवी. अरुंद मानेची बाटली दिसते छान, पण मानेत वाळलेला थर ब्रशने निघत नाही आणि पुढचा घाणा तिथूनच नासतो. बाटली फ्रिजच्या आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवा. फ्रिज ४ अंशांच्या आसपास असेल तर ६ ते ७ दिवस धरा. वीज वारंवार जाणाऱ्या भागात ४ दिवसच. कपात ओतून झालं की बाटली लगेच परत आत, नाश्ता संपेपर्यंत टेबलावर नको.

बाटलीत वर मलईचं कडं दिसलं तर ते नासणं नव्हे, हलवा आणि वापरा. खाली हिरवट पाणी आणि वर चोथा दिसला, झाकण उघडताना फस्स आवाज आला किंवा ओतताना तार धरली, तर चाखून न बघता फेकून द्या.

एवढं करूनही फाटत असेल तर कॉफीकडे बघा. हलकी भाजलेली कॉफी जास्त आम्ल असते, गडद भाजलेली कमी. चिकोरी मिसळलेल्या फिल्टर कॉफीत हा त्रास फारसा होत नाही. सकाळी काढलेलं डिकॉक्शन दुपारी पुन्हा उकळलं की त्याचं आम्ल वाढतं, मग सकाळी जमलेलं क्रीमर दुपारी फाटतं आणि माणूस क्रीमरला दोष देतो. डिकॉक्शन उकळू नका, गरम पाणी मिसळून कोमट करा. ओतण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. क्रीमर आधी कपात घ्या, दोन मिनिटं बाहेर राहू द्या आणि मग कॉफी बारीक धारेने वर ओता. कॉफीही उकळती नको, मिनिटभर निवलेली हवी. उकळत्या कॉफीत गार क्रीमर ओतलं की पहिले थेंब सगळं आम्ल आणि सगळी उष्णता एकदम झेलतात आणि तिथेच गोळा होतात.

आता फ्लेव्हर. पूर्ण बाटलीला एकच फ्लेव्हर लावायची गरज नाही. साध्या बेसचे २०० मिलीचे तीन भाग करा आणि प्रत्येकाला वेगळी चव द्या. एक फसली तरी दोन वाचतात. चव चमच्याने नुसतं क्रीमर घेऊन ठरवू नका. ते कॉफीत पाच-सहापट पातळ होणार असतं, त्यामुळे नुसतं चाखताना जे बरोबर लागतं ते कपात फिकं पडतं. अर्धा कप कॉफी समोर ठेवूनच मात्रा ठरवा.

व्हॅनिला इसेन्स उडून जाणारं असतं, कढत बेसमध्ये घातलं तर निम्मा सुगंध घरभर जातो. बेस कोमट झाला की २०० मिलीला अर्ध्या चमच्याला थोडं कमी घाला. तुम्ही घातलेले २ चमचे तुमच्या मात्रेला जास्त नव्हते, फक्त स्वस्त इसेन्स जास्त झालं की कडवट लागतं. शेंग वापरणार असाल तर ती चिरून, दाणे खरवडून, सालासकट गरम दुधातच अर्धा तास मुरवा आणि गाळा.

जायफळ-वेलची ही माझ्या मते सगळ्यात जमून येणारी जोडी. आपल्याकडे कॉफीत जायफळ घालायची रीत जुनीच आहे आणि दुधाच्या फॅटमध्ये तो सुगंध उत्तम उतरतो. पण पूड घालून बाटली भरू नका. पूड तळाशी बसते, शेवटच्या कपात सगळा चोथा येतो, आणि जायफळ दिवसागणिक तिखट-कडू होत जातं. २०० मिलीसाठी ३ वेलदोडे सालासकट ठेचा, जायफळ सहाणेवर सात-आठ वेढे उगाळा, दोन्ही गरम बेसमध्ये घालून झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटांनी मलमलमधून गाळा. केशराच्या चार-पाच काड्या टाकल्या तर रंग सुरेख येतो, पण कॉफीत केशराची चव टिकत नाही, तो खर्च मसाले दुधासाठी राखून ठेवा.

दालचिनीचंही तसंच, कांडी वापरा. दालचिनीची पूड ओल्यात बुळबुळीत होते आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत शेंबडासारखे धागे दिसतात. तीन इंचांची कांडी मोडून वीस मिनिटं मुरवली की २०० मिलीला पुरते.

आल्याच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. कच्च्या आल्यात प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं आणि ते कोमट दुधात जोरात काम करतं. कोमट बेसमध्ये आलं किसून घातलंत तर दूध साकळणारच. चहात हे होत नाही, कारण तिथे आलं आधी पाण्यात उकळून निघालेलं असतं. क्रीमरसाठी सुंठच घ्या, पाव चमचा, गरम बेसमध्ये, आणि गाळा.

कॅरमेलसाठी बेसमधलं कंडेन्स्ड मिल्क निम्मं करा, १०० ग्रॅम, आणि त्याऐवजी ८० ग्रॅम साखर जाळा. साखर कोरड्या जाड पातेल्यात मंद आचेवर, न ढवळता, पातेलं फिरवत वितळवा. मधासारखा रंग आला की अजून थांबा, तांबूस झाल्यावर गॅस बंद. मधाच्या रंगाचं कॅरमेल नुसतं गोड लागतं, कॉफीत कळतही नाही. काळसर धूर आला तर मात्र ते गेलं, ओतून द्या. गॅस बंद केल्याबरोबर बेसच्या क्रीमपैकी ६० मिली, गरम केलेलं, तीन हप्त्यांत घाला. गार घातलं तर साखर दगडासारखी आवळते. फेस जोरात वर येतो, म्हणून पातेलं खोल हवं आणि मुलं लांब. ही साखर १६० अंशांच्या वर तापलेली असते, अंगावर पडली तर पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटते. साखर जळताना थोडं आम्ल तयार होतं, तेव्हा या प्रकारात सोडा वगळू नका. पाव चमचा मीठ घाला, कॅरमेलची चव त्याने उठून दिसते.

चॉकलेटला २०० मिलीमागे २ चमचे कोको. थोड्या गरम दुधात गुठळी न ठेवता वाटून घ्या आणि मिश्रण मिनिटभर तापवा, म्हणजे कच्चा वास जातो. साधा कोको स्वतः आम्ल असतो. गडद, आम्ल काढलेला कोको मिळाला तर तो घ्या. तळाशी थोडा थर बसणारच, दर वेळी हलवायचं. हेझलनट हवं असेल तर इसेन्स सोपं. पण १५-२० बदाम मंद आचेवर तपकिरी होईतो भाजून, भरड ठेचून, गरम बेसमध्ये अर्धा तास मुरवले तर जे मिळतं ते मला इसेन्सपेक्षा कितीतरी उजवं वाटतं.

गुळाचं क्रीमर करू नका. गुळातल्या आम्लाने आणि क्षारांनी दूध कधी फाटेल याचा भरवसा नसतो, दर ढेपेगणिक ते बदलतं. गुळाची चव हवीच असेल तर १०० ग्रॅम गूळ ५० मिली पाण्यात उकळून, गाळून, पाक वेगळ्या बाटलीत ठेवा. साखरविरहित बेसची कॉफी तयार झाल्यावर शेवटी कपात चमचाभर घाला. साखरविरहित बेस म्हणजे फुल क्रीम दूध ४०० मिली आणि क्रीम २०० मिली, बाकी कृती तीच. मधुमेह असलेल्यांसाठीही हाच बेस. फक्त दुधातली साखर आणि फॅट त्यातही आहेच, हे लक्षात ठेवून मोजून घ्या. वर दिलेल्या गोड बेसच्या ३० मिलीत ६०-६५ कॅलरी येतात, आणि दिवसाला चार कप झाले तर ते एका पोळीच्या दुपटीहून जास्त होतं.

दूध न घेणाऱ्यांसाठी काजू. काजूत फॅट साधारण ४५ टक्के असतं, त्यामुळे १०० ग्रॅम काजू कढत पाण्यात दोन तास भिजवून, ते पाणी फेकून, ३०० मिली ताज्या पाण्याबरोबर अगदी मऊ वाटले तर फॅट ११ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे दुधाच्या बेसइतकंच. उकळलं की दाट होतं, म्हणून फक्त गरम करा. तीन दिवसांत संपवा. सोया दूध कॉफीत सगळ्यात आधी फाटतं, नारळाचं दूध तेल सोडतं. या दोघांच्या मागे लागू नका.

आणि ऑफिस. ओलं क्रीमर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून बॅगेत नेणं मला मान्य नाही, तास-दीड तासात ते कोमट होतं आणि मग दिवसभर डेस्कवर राहतं. त्यासाठी कोरडं मिश्रण करा. फुल क्रीम मिल्क पावडर १०० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, वेलचीपूड पाव चमचा आणि किसलेलं जायफळ दोन चिमटी, दोनदा चाळून. पिठीसाखर विकतची असेल तर त्यात कॉर्नस्टार्च असू शकतो, तो कॉफीत चिकट लागतो, म्हणून घरीच दळा. कपात आधी २ मोठे चमचे मिश्रण घ्या, त्यात चमचाभर कोमट पाणी घालून पेस्ट करा आणि मग कॉफी ओता, गुठळी होत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर राहतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून त्याचा ढेकूळ होतो, तेव्हा जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतंच करा आणि डब्यात ओला चमचा जाऊ देऊ नका.